शीतलच्या बोटाइतका चाप

मित्रांनो, मला बघून दचकू नका. मी बंदूक असले तरी आजवर एका चिमणीचाही जीव घेतलेला नाही. मी हवेवर चालणारी, नेमबाजीची जुनी रायफल. दहा मीटरवर लावलेल्या कागदाला भोकं पाडायची, एवढाच माझा उद्योग. भुसावळच्या एका क्लबात माझी बत्तीस वर्षं गेली. दस्त्याचं पॉलिश उडालं, पण नळी अजून सरळ आहे आणि स्वभावही.

माझा कारखाना मला आठवत नाही. माझा खरा जन्म झिपरूनानांच्या टेबलावर झाला, असं मी मानते. नाना मूळचे दोंडाईचाकडचे. शस्त्रं जुळवण्याच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर ते क्लबातल्या रायफली सांभाळू लागले. त्यांनी मला उघडलं, पुसलं, तेल दिलं. मग माझ्या चापावर बोट ठेवून डोळे मिटून घेतले. इतक्या मायेने मला तोवर कुणीच हात लावला नव्हता.

चापाची गंमत तुम्हाला सांगते. तो ओढला की आधी थोडा सैल येतो, मग उंबरठ्याला पाय अडावा तसा अडतो. तिथून पुढे किती जोर दिल्यावर छर्रा सुटावा, हे एका स्क्रूवर ठरतं, आणि इथे व्यक्ती तितक्या प्रकृती. रेल्वे कॉलनीतल्या कुंदनला असा चाप लागे की फुंकर मारली तरी सुटावा. पोलिसातल्या सुनंदाबाईंना तो दाराच्या कडीसारखा घट्ट हवा. चाप जितका हलका तितका नेम चांगला, असं प्रशिक्षक हितेंद्र सरांचं ठाम मत. नाना कुणाशी वाद घालत नसत. ज्याला जसा हवा तसा चाप ते लावून देत.

मी एकटी आणि मला वापरणारे अनेक, म्हणून नानांनी एक युक्ती काढली होती. एखाद्याच्या मनासारखा चाप जमला की ते चापाला लहानसा डबा टांगत आणि त्यात ज्वारी ओतत जात. खटका पडला की हात थांबे. तेवढी ज्वारी फडक्यात बांधून वर त्या माणसाचं नाव. पुढच्या वेळी ती पुरचुंडी डब्यात टाकायची आणि तेवढ्या वजनाला खटका पडेपर्यंत स्क्रू फिरवायचा. "पुरचुंडी खोटं बोलस नही," असं नाना अभिमानाने सांगत. असा कारागीर जिल्ह्यात दुसरा नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगते. मला छाती नसली म्हणून काय झालं?

चार वर्षांपूर्वी शीतल आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची, वसतिगृहात राहून शिकणारी. लहानपणापासून कापूस वेचून तिच्या बोटांची टोकं राठ झाली होती. हलका चाप तिच्या बोटाला जाणवतच नसे; बोट टेकलं की छर्रा पसार. नानांनी स्क्रू आवळत आवळत नेला, तेव्हा कुठे तिने मान हलवली. तिची पुरचुंडी दीड ओंजळीची झाली, सगळ्यांत जड. हितेंद्र सरांनी हसत विचारलं, की हिला नेमबाजी करायची आहे का विहिरीचं पाणी शेंदायचं आहे?  शीतलने पाच छर्रे सोडले आणि पाचही मधल्या ठिपक्यात बसले. सर पुन्हा हसले नाहीत. माणूस मोकळ्या मनाचा, चुकलं तर कबूल करणारा.

ही पोर उभी राहिली की मला टेकलेल्या गालातून तिचा श्वास कळे. तो सावकाश उतरायचा, थांबायचा, आणि चाप केव्हा सुटला हे तिच्या खांद्यालाही समजायचं नाही. खरं सांगते, मला तिचा फार अभिमान वाटे.

यंदा तिची बारावी. वर्ष संपलं की वसतिगृह सुटणार. जळगावच्या निवड स्पर्धेत पहिल्या तिघींत आली, तर पुढच्या शिबिरात राहून शिकता येणार होतं. नाहीतर आई कस्तुराबाईंबरोबर मजुरीला जायचं, आणि मग बंदूक कसली नि नेम कसला. हे तिने नानांना एकदाच सांगितलं होतं, तेही माझी नळी पुसता पुसता.

दिवाळीच्या सुट्टीत ती कापूस वेचायला घरी गेली, ती परस्पर स्पर्धेलाच पोचली. नानांनी आदल्या दिवशी तिची पुरचुंडी काढून माझा चाप लावून ठेवला होता. त्यांच्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही. मला मात्र कळत होतं, की डबा नेहमीइतका ओढत नाहीये. पण माझं ऐकणार कोण?

स्पर्धेआधी सरावाला पंधरा मिनिटं मिळतात. पहिला छर्रा दहापैकी सहाच्या वर्तुळात गेला, दुसरा पाचच्या. शीतलने मला खाली ठेवलं, पंचांची परवानगी घेतली आणि मला रिकामी करून मागच्या टेबलाशी बसलेल्या नानांकडे आणलं.

"नाना, मी सोडायच्या आधीच छर्रा निघून जातोय."

नानांनी खिशातून पुरचुंडी काढून गाठ सोडली. ज्वारीला सोंडे लागले होते. दाणे पोखरून पोकळ झाले होते आणि पीठ फडक्यातून गळून वजन घटलं होतं, म्हणूनच चाप हलका लागला होता. नानांचा चेहरा उतरला. हितेंद्र सरांनी आपली नवी रायफल पुढे केली आणि निदान हिच्यावर भागव म्हणाले. वेळ निघून चालला होता. शीतलने नवीकडे पाहिलं, मग नानांकडे.

नाना मान खाली घालून म्हणाले, "चूक मनी शे, बेटा." मग त्यांनी आपलं बोट पुढे केलं. "मना बोटवर दाब. तुले कितलं जोयजे ते माले समजू दे."

तिने त्यांच्या बोटावर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि हळूहळू दाबलं. नाना चमकले. त्यांनी तिचं बोट उलटं करून पाहिलं. बोंडांनी टोचून टोचून ते आधीहून राठ झालं होतं.

"दीड ओंजळ बी कमीच पडती," ते म्हणाले. "मी दाना जपनात, बोट पाह्यंच नही."

त्यांनी बोटाच्या आठवणीवर स्क्रू फिरवला. शीतलने रिकामाच चाप ओढून पाहिला आणि मान हलवली. मग आम्ही दोघी रेषेवर परत गेलो. नानांनी दिलेला उंबरठा मला इतका स्वच्छ कधीच लागला नव्हता, आणि ती दर वेळी तिथे थांबून, मनाशी ठरवूनच पलीकडे गेली. एका छर्र्यावर वारं आल्यासारखी डगमगली, बाकी सगळे मनासारखे गेले.

शीतल तिसरी आली. यादी लागली तेव्हा नाना रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मित्रांनो, आम्हाला तेल द्या, पुसून ठेवा, ते तर हवंच. पण आम्हाला कुणाच्या हाती देताना जुन्या मापावर विसंबू नका. आधी तो हात आपल्या हातात घेऊन बघा. मधल्या काळात त्याने काय काय सोसलंय, ते त्याच्याशिवाय कुणीच सांगणार नाही.