ब्रेक रुळेपर्यंत

भावनाने सायकलचं चाक मांडीवर आडवं घेतलं आणि ब्रेकच्या जुन्या डिस्कचा शेवटचा स्क्रू सैल केला. तिचा नवरा अंकुश शेजारी स्टुलावर बसून बघत होता. त्याचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता.

"नव्या डिस्कले बोट नको लावू," तो म्हणाला. "हाताचं तेल लागलं का ब्रेक धरत नाही."

ती उठून आत गेली आणि रबरी हातमोजे व स्पिरिटची बाटली घेऊन आली. भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात ती परिचारिका होती. या दोन वस्तू घरात कधी शोधाव्या लागत नसत.

मागच्या महिन्यात जंगलात सायकलवर फिरताना एका उतारावर अंकुशचे ब्रेक लागले नव्हते. सायकल झाडावर गेली, हासळीचं हाड मोडलं. गुराख्याला दिसेपर्यंत तो तिथेच पडून होता. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने आधी काय केलं असेल, तर तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आणि मोठ्या डिस्क मागवल्या. पार्सल आलं तेव्हा भावनाने ते न उघडता कपाटावर ठेवलं. आज रविवारी मात्र तिने स्वतःच ते खाली काढलं. तुमी जाणारच, तर निदान चांगल्या ब्रेकनं जा, एवढंच म्हणाली.

दुपारपर्यंत सगळं बसलं. आता नवे पॅड डिस्कवर रुळायला हवे होते. सायकल वेगात घ्यायची, हळूहळू ब्रेक दाबायचा, थांबायच्या बेताला सोडायचा आणि पुन्हा वेग घ्यायचा. हे काम अंकुशचा मित्र निकेश करणार होता, पण तो सासुरवाडीला सिहोऱ्याला गेला होता.

"मीच आणीन फिरवून," भावना म्हणाली.

माहेरी असताना आसगावाहून पवनीच्या शाळेत ती सायकलनेच जायची. लग्नानंतर मात्र सायकलवर बसली नव्हती. तिने सीट खाली घेतली, ओढणी कमरेला बांधली आणि निघाली. पहिल्याच वेळी ब्रेक जास्त दाबला गेला, मागचं चाक उचललं. अंकुश ताडकन उभा राहिला. तिने मागे न बघताच हात हलवला. गल्लीच्या टोकापर्यंत दोन-चार फेऱ्या झाल्या आणि मग ती वळणाआड गेली.

बराच वेळ झाला तरी ती परतली नाही. त्याने फोन लावला. तो स्वयंपाकघरातच वाजला. अंकुश फाटकापाशी आला, तिथून वळणापर्यंत गेला. महामार्गावर कुठेतरी ट्रकने जोरात ब्रेक मारला आणि त्याची मान झटकन तिकडे वळली. शेजारच्या ललिताबाईंनी भावनाला तलावाच्या पाळीकडे, बांधाच्या दिशेने, जाताना पाहिलं होतं.

"येईल ना भावना. घरात बसा, भाऊ," त्या म्हणाल्या.

तो पडला त्या दिवशी भावना अंधार पडेपर्यंत याच वळणावर उभी होती, आणि ललिताबाईंनीच तिला हात धरून घरात नेलं होतं. हे त्याला नंतर कळलं होतं. तेव्हा त्याने ते ऐकून घेतलं होतं, एवढंच. आता त्या निघून गेल्या तरी तो रस्त्याच्या कडेला उभाच राहिला.

ऊन कलल्यावर ती आली. केस सुटलेले, पायजम्यावर चिखलाचे शिंतोडे. बोलायचं म्हणून त्याने मनात खूप काही जमवलं होतं.

"लय वेळ लावला," तो म्हणाला.

"पाळीवरून खाली रस्ता जाते ना, तिथून उतरली. मंग चढून परत उतरली." तिला दम लागला होता. "एका बोटानं थांबते हे. मले भेवच नाही वाटलं."

चेहऱ्यावरचा घाम पुसत तिने सायकल त्याच्यापुढे धरली.

"पाहा बरं. रुळले का?"

अंकुश खाली वाकला. दोन्ही डिस्कवर सारखा, करडा पट्टा उमटला होता. त्याने डाव्या हाताने ब्रेक दाबून पाहिला, चाक फिरवून पाहिलं. कुठेही आवाज नव्हता. ब्रेक रुळले होते, पाहिजे तसे.

"नाही अजून," तो म्हणाला. "चार-आठ दिवस फिरवावं लागंल तुलेच."