दिवेलागणीनंतरची भाकरी

टण्‌ करून डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत, स्वतःशीच वाजत, पार मोरीपर्यंत गेलं.

दुपारची वेळ. सगळं घर चिडीचूप. लहानग्या लेकीला, चंदनाला, थोपटता थोपटता राजमतीचा नुकता कुठे डोळा लागत होता. ती दचकून उठली, पदर सावरत स्वयंपाकघरात गेली, तर तोफखान्यातला लेफ्टनंट, चांगला सहा फुटी गडी, गालात अख्खा लाडू धरून उभा!

"अशानं शत्रूच्या गोटात शिरणार व्हय रं तू?" ती म्हणाली. "झाकण धरता येईना तुला!"

जिनपालला बोलता येईना. त्यानं हात जोडून गप्प बस अशी खूण केली. तेवढ्यात सोप्यातून आईचा आवाज आला, "मांजर आलं का काय गं?"

"व्हय आई. दोन पायांचं."

दोघं बहीणभाऊ तोंडावर हात दाबून हसले. जिनपाल कालच रजेवर आला होता. लेक आलाय म्हटल्यावर रत्नाबाई कुरुंदवाडहून पहिली गाडी धरून कोल्हापुरात लेकीकडे हजर झाल्या होत्या, त्याही शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन.

लाडू गिळून जिनपाल ओट्याला टेकला. "अक्का, एक काम हाय. आईला तू सांग."

"आधी मला सांग, मग आईचं बघू."

गोष्ट अशी होती. तोफखान्याची स्वतःची लहान विमानं असतात. आपल्या तोफेचा गोळा कुठं पडतोय ते त्यातून वरून बघायचं. त्या विमानांचा पायलट म्हणून जिनपालची निवड झाली होती. आणि दुसरीकडे पॅरा कमांडोच्या परीक्षेतही तो पास झाला होता, विमानातून छत्री बांधून उडी मारायची, शत्रूच्या पाठीमागं उतरायचं, तिथून चालत परत यायचं. दोन्हीकडून बोलावणं. कुठं जाणार ते उद्या तारेनं कळवायचं होतं.

"त्यात काय इचार करायचाय?" राजमती म्हणाली. "पायलट हो की!"

ती हे इतक्या झटकन म्हणाली, त्याला कारण होतं. लहानपणी कुरुंदवाडच्या आभाळात घरघर ऐकू आली, की ती हातातलं काम टाकून कडब्याच्या गंजीवर चढायची. वडिलांनी एकदा दोघांना उजळाईवाडीच्या विमानतळावर विमान दाखवायला नेलं होतं. जिनपाल विमान सोडून भेळेकडं बघत होता. राजमती मात्र मान अवघडेपर्यंत वर बघत राहिली होती. पुढं ती लग्न होऊन इथं आली, आणि जिनपाल फौजेत गेला तेव्हा तिनं मनातल्या मनात ते विमान त्याच्या खिशात घालून दिलं. त्याला हे ठाऊक नव्हतं. निदान ती तसं समजत होती.

"वर नेलतं मला," जिनपाल सांगू लागला. "लई भारी वाटतं, अक्का. नदी खाली अशी दिसती, कुणी वेणी सोडून टाकल्यागत."

"आणि मग?"

"मग काय, काचेतनं बघायचं. माणसं मुंगीएवढी. आणि तिकडं कमांडोंच्यात पाठीवर ह्ये एवढालं ओझं. रातभर चालायचं. पुढचा दमला की त्याचं बी ओझं आपण घ्यायचं. एका रातीला एक पंजाबी गडी माझी पिशवी घेऊन चालला, आणि पहाटं मी त्येची. नाव बी ठाव न्हवतं एकमेकांचं. मला वाटलं, आपण हितलंच."

त्याचे डोळे असे चमकत होते, की राजमतीनं नजर दुसरीकडे वळवली.

"मग जा की. कुणी धरलंय?"

"आईनं."

ते खरं होतं. फौजेत जाताना रत्नाबाईंनी लेकाला कुंभोजला बाहुबलीच्या पायाशी नेऊन शब्द घेतला होता. मांस खायचं नाही, आणि सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही. पोरगं शब्दाला पक्कं. अकादमीत सगळे खेळावरून येऊन आंघोळीला पळत, तेव्हा हा घाईघाईनं जेवून घेई. पोरांनी त्याचं नाव सूर्यवंशी ठेवलं होतं. विमानाच्या तळावर मेस असते, टेबल असतं, वेळेवर ताट मिळतं. पण कमांडोला मिळेल तेव्हा, मिळेल ते. बहुधा अंधारातच.

"चोरून न्हाई मोडनार मी," जिनपाल म्हणाला. "तिनं सोडवलं तर जातो. न्हाईतर पायलट. त्ये काय वाईट न्हाई."

राजमतीनं मोरीजवळचं झाकण उचललं, पुसलं, डब्यावर बसवलं. तिला फक्त गप्प बसायचं होतं. ती गप्प बसली, की आईचा नेम आपोआप जिनपालला विमानात बसवणार होता.

"बघतो," ती म्हणाली.

जिनपाल मित्राच्या स्कूटरवरून पन्हाळ्याला गेला. जेवायच्या आत येतो म्हणाला. ऊन कलायला लागलं तशी या घरात नेहमीची धांदल सुरू झाली. राजमतीचा नवरा दादासो उद्यमनगरातून फौंड्रीची काजळी कानामागं घेऊन आला. ताटं मांडली. जिनपालचा पत्ता नव्हता. रत्नाबाई एक घास खायच्या आणि दारातून पश्चिमेकडं बघायच्या.

"मामी, तुम्ही काळजी करू नका," दादासो सासूला म्हणाला. "पोराला पायलटच करा. पश्चिमेकडं विमान हाणलं की सूर्य मावळतच न्हाई. जेवा म्हणावं निवांत."

रत्नाबाईंचा घास हातातच राहिला. "खरंच मावळत न्हाई?"

"न्हाई म्हणजे! आपण त्याच्या मागं पळतोय की."

त्यांनी जरा विचार केला. "मग बरं हाय. आपली लढाई बी पश्चिमेलाच असतीया."

दादासोला ठसका लागला. चंदना बापाच्या पाठीवर थापट्या मारत खिदळली. राजमतीही हसली. सगळं कसं सोपं होऊन गेलं होतं. आई खूष, नेम शाबूत, भाऊ आभाळात. ती पाणी द्यायला उठली, तांब्या खाली ठेवला, आणि उभ्या उभ्याच बोलून बसली.

"आई, त्याला विमान नको हाय."

राजमतीनं दुपारचं सगळं सांगितलं.

"मला का न्हाई बोलला?" रत्नाबाईंनी विचारलं.

"तुझ्या शबदाखाली हाय त्यो."

रत्नाबाईंनी लेकीकडं निरखून बघितलं. "आणि तू गं? इमानाचं याड तर तुला. गंजीवरनं काठीनं हाणून खाली उतरवलंय तुला मी."

"त्ये माझं याड, आई. त्याच्या डोक्यावर किती दिस ठेवू?"

रत्नाबाईंनी चूळ भरली, आणि पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं समोरच्या कौलांवरचं ऊन गेलं. राजमतीनं भांडी घासली, ओटा पुसला. या घरात त्यानंतर उद्या सकाळपर्यंत स्टोव्ह पेटत नसे.

जिनपाल आला तेव्हा गल्लीत दिवे लागले होते. अंगभर तांबडी धूळ. "वाटेत स्कूटर पंक्चर झाली," तो म्हणाला. पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसला. "भूक न्हाई मला. चंदे, ये इकडं."

रत्नाबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या. आणि स्टोव्हच्या पंपाचा आवाज आला.

चंदना धावत दारापर्यंत गेली. "आज्जी! दिवस बुडालाय!"

"ठाव हाय मला."

त्यांनी काटवटीत पीठ घेतलं, मळलं आणि भाकरी थापायला लागल्या. फक्त थापटण्याचा आवाज. भाकरी टम्म फुगली तशी त्यांनी ती ताटात घातली, वर दही, शेंगदाण्याची चटणी.

"जिनू, बस."

"आई, नेम..."

"नेम माझा हाय, मी पाळतो. तुला मी बांधलंतं, मीच सोडतो." त्या ताटासमोर फतकल मारून बसल्या. "अंधारातलं पयलं अन्न माझ्या हातचं खा. कुठल्या रानात, कुणा परक्याच्या हातनं मोडलास तर मला सोसायचं न्हाई."

जिनपालनं त्यांच्या पायावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "आणि त्ये दुसरं? रानात काय बी खावं लागतंय, आई."

"त्ये मला इचारू नगंस," रत्नाबाई म्हणाल्या. "आणि सांगू बी नगंस."

जिनपालनं भाकरीचा तुकडा मोडला. पहिला घास त्यानं आईकडं बघत खाल्ला. दुसऱ्यानंतर मात्र सूर्यवंशीची भूक बाहेर पडली. तिसऱ्या भाकरीला दादासोला राहवेना.

"मामी, मला बी कमांडो करा की."

"तुमी जेवलायसा मगाशी. बसा गप."

त्यावर सगळे इतके हसले, की शेजारची माणसं खिडकीत आली. रत्नाबाईंनी स्वतः मात्र पाण्याचा थेंबही घेतला नाही. राजमती दाराशी उभी राहून बघत होती. तिचं विमान कधी निघून गेलं ते तिला कळलंही नाही. भाऊ दोन्ही गाल भरून जेवत होता, आणि तिला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनपाल तार करून आला, तो शीळ घालतच. चंदनानं हट्ट धरला, उडी कशी मारतात ते दाखव. मग काय, लेफ्टनंटसाहेबांनी बिछान्यावरची चादर ओढली, चार टोकं धरली आणि परसातल्या भिंतीवर चढले. "खाली कोण हाय? बाजूला व्हा!" अशी आरोळी ठोकून त्यानं झेप घेतली, ती थेट रत्नाबाईंच्या वाळवणाशेजारी. चादर फुगली न फुगली, गडी लोळण घेऊन उठला. चंदना टाळ्या पिटत नाचायला लागली. रत्नाबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या आणि हसता हसता त्याला शिव्या देत होत्या.

राजमतीनं चादर झटकली आणि घडी घालायला घेतली. दुसरी दोन टोकं चंदनानं धरली. टोकाला टोक जुळवायला ती आईजवळ आली. धापा अजून चालूच होत्या, गाल लालबुंद.

"आई," तिनं वर बघून विचारलं, "मामा तिकडं असा वरनं खाली उतरला, की तिथली माणसं बी अशीच हसतात?"