तिला कळू देऊ नका

पुडीवाल्यांच्या दवाखान्यात त्या दिवशीही नेहमीसारखीच गर्दी होती. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलेले बाक, आतल्या खोलीत जडीबुटीच्या पुड्या देणारे वैद्य, म्हणजे पुडीवाले, आणि त्यांचा खल. बाहेरच्या बाकाच्या टोकाला मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांना पुडी नको होती. इस्पितळातले उपचार अर्धवट सोडून माणसं पर्यायी उपचारांकडे का वळतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. पुडीवाल्यांनी हसत परवानगी दिली होती. "विचारा की. माझं काय जातंय? उलट डॉक्टर स्वतः येऊन बसतात म्हणून माझंच नाव होईल."

बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "तुमच्याकडे अर्धा दिवस थांबलो तरी डॉक्टर वर मान करून बघत नाहीत. इथं झोप लागते का, हे तरी विचारतात."

शेजारची बाई म्हणाली, "आम्हाला काय झालंय तेच तिथं कुणी सांगत नाही. मुलाला बाहेर बोलावतात आणि त्याच्या कानात सांगतात."

पहिलं उत्तर डॉक्टरीणबाईंनी मन लावून ऐकलं. दुसऱ्याचं त्यांना विशेष वाटलं नाही. घरच्या माणसाला बाहेर बोलावून सांगायचं, ही इस्पितळातली पद्धतच होती आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. लोक अज्ञानापोटी इकडे येतात, हा निष्कर्ष त्यांनी मनात आधीच बांधून ठेवला होता.

इतक्यात दारातून त्यांची थोरली बहीण आत आली. मागोमाग तिचा नवरा.

"अय्या, छोटी! तू इथे?" ताईचा चेहरा फुलला. "तूच पाठवलंस आणि तूच बघायला आलीस होय? चला, एवढ्या दिवसांनी बहिणीची आठवण तरी झाली!"

"मी कुठे पाठवलं तुला?"

"बघा! विसरली. अगं, गाठीसाठी. ह्यांनी रिपोर्ट दाखवले ना तुला? तू म्हणालीस, साधी गाठ आहे, कापाकापी नको, पुड्या घे. म्हणून तर मी निवांत आहे. नाहीतर माझा स्वभाव माहीत आहे ना तुला, शिंक आली तरी मी मृत्युपत्र करायला बसते."

डॉक्टरीणबाईंनी दाजींकडे पाहिलं. दाजी भिंतीकडे बघत होते.

"नंबर येईल आपला," ते घाईने म्हणाले. "आत चल."

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आतल्या खोलीत पडदा होता. पुडीवाल्यांना विनंती करून त्या ताईला पडद्यामागे घेऊन गेल्या. छातीतली गाठ साधी नव्हती. काखेतही हाताला कडक लागत होतं. इतकी वर्षं शेकडो बायकांना तपासलेला तो हात तिथे थबकला.

"साधीच आहे ना?" ताईने ब्लाउजची बटणं लावत विचारलं.

"कागद बघून सांगते."

"परत बघणार?" ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. बहीण खोटं बोलताना कशी दिसते हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण बहीण खोटं बोलत नव्हती. म्हणजे दुसरं कोणीतरी बोललं होतं.

बाहेर पुडीवाले दाजींना विचारत होते, "डॉक्टरांनीच ऑपरेशन नको म्हटलंय, असं तुम्ही सांगितलंत ना मला?" दाजी पिशवीतल्या पुड्या मोजू लागले. पुडीवाल्यांनीही कधी एखादा कागद बघायला मागितला नव्हता. विश्वास ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं होतं.

डॉक्टरीणबाई तडक इस्पितळात गेल्या. नोंदवहीत सापडलं: ताईच्या गाठीचा तुकडा त्यांच्याच विभागात, त्या रजेवर होत्या त्या आठवड्यात, तपासला गेला होता. त्यांच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनीच तो काढला होता. हेच सर त्यांच्या संशोधनाचे मार्गदर्शक. रोज त्यांच्यासोबत चहा पिणारे.

"हो, कॅन्सर आहे," सर म्हणाले. "काही महिन्यांपूर्वी तुकडा काढला, तेव्हा सुरुवातीचा होता. मी तिच्या यजमानांना बाहेर बोलावून सगळं नीट समजावलं होतं."

"आणि तिला?"

"त्यांनी हात जोडले. म्हणाले, मुलीचं लग्न ठरतंय, तिला कळू देऊ नका, घरात गोंधळ होईल. योग्य वेळी आम्ही सांगू. मी शब्द दिला."

"मी तुम्हाला रोज भेटत होते, सर."

"पेशंटची माहिती गुप्त ठेवावी लागते. तुम्हाला कसं सांगणार?"

"गुप्त कोणापासून ठेवली? पेशंटपासून?"

सरांनी चष्मा काढून पुसला. ते दुष्ट नव्हते, हे लिहायला हवं. त्यांना रुग्णांची कणव होती, गरिबांना ते स्वतःच्या ओळखीवर औषधं मिळवून देत. पण खाटेवरच्या बाईशी बोलायचं सोडून दारातल्या पुरुषाशी बोलायची त्यांना इतकी सवय झाली होती की आपण काही दडवलं, असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं.

डॉक्टरीणबाई घरी आल्या तेव्हा ऊन कलंडायला आलं होतं. त्यांची आई त्यांच्याकडेच राहत असे. ती ओट्यापाशी भाजी चिरत होती. लेकीचा चेहरा पाहून तिने विळी बाजूला सारली.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

दाजींनी फसवलं, सरांनी फसवलं, इथवर त्या राग धरून होत्या. आता तो रागही हातातून निसटला.

"आई, तू रोज माझ्या पानात वाढत होतीस. आणि गप्प होतीस?"

"मग काय करू? आईला असलं दुखणं आहे म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार होतं? उद्या तिलाही होईल म्हणतात लोक. छातीवरचं ऑपरेशन काय लपतं? जावई म्हणाले, छोटीचं नाव सांगू, म्हणजे थोरली शंका घेणार नाही. तुझ्या शब्दावर तिचा फार विश्वास."

"म्हणून माझाच शब्द वापरलात!"

"ओरडू नकोस. पुड्यांनी कित्येकांना बरं वाटतं. लग्न होईपर्यंत कळ काढ. मग मी स्वतः तिला तुझ्याकडे घेऊन येते."

"तोवर ती असेल का?"

आई काही बोलणार, तोच दार वाजलं. ताई आली होती. एकटीच. पाठोपाठ धापा टाकत दाजी जिना चढून आले आणि उंबऱ्यातच थबकले.

"छोटी, मला घरी बसवेना," ताई म्हणाली. "ह्यांना विचारलं तर हे पंखा दुरुस्त करायला स्टुलावर चढले. चांगला चाललेला पंखा! आता तू सांग. आणि तू तरी खरं बोल."

"अगं, तिचं काय ऐकतेस," दाजी म्हणाले, "सगळं तुझ्या काळजीपोटीच—"

"तुम्ही थांबा," ताई म्हणाली. लग्नानंतर हे शब्द तिने त्यांच्यापुढे प्रथमच उच्चारले असतील.

डॉक्टरीणबाईंनी बहिणीचे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं. तेव्हा तो एवढासा होता, तेव्हा काढता आला असता, हेही सांगितलं. आता पसरला आहे, औषधं कडक लागतील, पूर्ण बरं होण्याची खात्री कोणी देऊ शकणार नाही. सांगताना एक शब्दही त्यांनी गाळला नाही. संशोधनात 'अज्ञान' हा शब्द आपण कोणाच्या माथी मारायला निघालो होतो, हे त्यांना लख्ख कळलं. ताई अज्ञानी नव्हती. तिला अज्ञानात ठेवलं होतं, आणि ठेवणारे सगळे शहाणे होते. तो शब्द आता खोडायचा आणि त्या जागी हे लिहायचं, सरांनी सही नाकारली तर नाकारली, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

ताई पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्या मी येते इस्पितळात. हे नकोत बरोबर. जे काही असेल ते माझ्याशी बोलायचं, माझ्यासमोर. आणि व्याह्यांना मी स्वतः सांगणार आहे. त्यांना नको असेल तर नको."

"अगं, पोरीचं आयुष्य!" आई कळवळून ओरडली. "तिच्यासाठीच तर केलं सगळं! मी तिची आजी आहे, मला काळजी नको?"

ताई उठून आईसमोर जाऊन उभी राहिली. ती रागावलेली दिसत नव्हती. एखादी लहान मुलगी विचारते तसं तिने विचारलं,

"आई, तू तुझ्या नातीला वाचवलंस. पण मी तुझी लेक ना गं?"