पूजेला बसलेला पाना

"काका, तुमच्या कपिलने मला विकलेल्या मोटरसायकलवर तुम्ही स्वतः बसाल का हो?"

प्रश्न शमिकाचा, पैज तिच्या मैत्रिणींची, देवश्री आणि युलेची. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या मराठी गणपतीत, आरती संपून खिरापत वाटली जात असताना, भरल्या हॉलमध्ये सुधीरकाकांना हे विचारायचं आणि विचारताना हसायचं नाही, एवढीच अट होती. युलेला मराठी ओ की ठो कळत नव्हतं, पण काकांचा चेहरा बघायला मिळावा म्हणून ती शाळेतून थेट हॉलवर आली होती.

गेल्या वर्षीची शमिका असती तर काकांसमोर पाण्याचा ग्लास ठेवून आत पळाली असती. पण आता तिला सोळा पूर्ण झाली होती, खिशात फ्यूररशाइन, म्हणजे गाडीचा परवाना होता, आणि कोपरापासून मनगटापर्यंत खरचटल्याची लांबलचक खपली होती. त्या खपलीनेच तिचं तोंड उघडलं म्हणा ना.

झालं होतं असं. सुधीरकाकांच्या कपिलला अठरा पूर्ण झाली आणि काकांनी त्याला मोठी ऑस्ट्रियन मोटरसायकल घेऊन दिली. मग त्याची जुनी शमिकाकडे आली. चिनी बनावटीची, एकशेपंचवीसची एंडुरो. उंच, किडकिडीत, रस्त्यावरही चालणारी आणि शेतातल्या ढेकळांतही. "एकदम ठणठणीत आहे," असं कपिलदादाने स्वतः सांगितलं होतं, आणि कपिलदादाने सांगितलं म्हटल्यावर बाबांनी फक्त हॉर्न वाजवून बघितला.

थोड्याच दिवसांत डोनाऊ नदीच्या काठच्या वळणावर मागचं चाक पायाखालून केळीच्या सालीसारखं निसटलं. शमिका उठली, गाडी उचलली, बघते तर मागचा टायर तेलाने न्हाऊन निघालेला. इंजिनाच्या पोटातलं तेल काढायला खाली एक बोल्ट असतो, तो गळत होता. घरी येऊन तिने तो सोडवला, तर आटे पार गेलेले, आणि गळू नये म्हणून त्याच्याभोवती करडा गोंद थापलेला. गोंद काही आपोआप उगवत नाही.

तर, प्रश्न विचारून झाला. सुधीरकाका पोट धरून हसले.

"अगं, चायनीज भेळ खाल्लीस आणि आता मिरची लागली म्हणून रडतेस?"

हॉल हसला. कपिल खिरापतीचं ताट हातात घेऊन उभा होता. तो अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, "दिली तेव्हा चांगली होती, बाबा. हिनेच आवळून आवळून आटे घालवले असतील. मुलींच्या हातात पाना दिला की..."

वाक्य त्याने तिथेच सोडलं. हॉल आणखी हसला. आणि काकांच्याच डिपार्टमेंटमध्ये, काकांच्या हाताखाली काम करणारे शमिकाचे बाबा, हरीश, तेही थोडंसं हसले. ते थोडंसं हसू शमिकाला त्या डांबरापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवसापासून तिने कपिलच्या नावापुढचं दादा काढून टाकलं. आई म्हणाली, "शमे, दोन वर्षांनी मोठा आहे तो." शमिका म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. मोठा आहे, म्हणून जास्त लक्षात ठेवणार."

बाबांचं म्हणणं, गाडी विकून टाकू. भांडण, रुसवा, जेवणाचं ताट सरकवणं, सगळं यथासांग झालं आणि शेवटी तडजोड निघाली: दसऱ्यापर्यंत गाडी अशी करून दाखवायची की बाबांना भीती वाटता कामा नये. नाही जमलं तर विकायची.

मग काय! शाळा सुटली की शमिका थेट घराखालच्या गॅरेजमध्ये. इंजिनाच्या पोटातले आटे तिने नव्याने पाडून आत स्टीलची वेटोळी बसवली. गंजके, लोण्यासारखे मऊ स्क्रू एकेक करून काढले आणि त्यांच्या जागी चांगले घातले. प्रत्येक स्क्रू पिळताना ती मनातल्या मनात कपिलचं एकेक वाक्य पिळत होती. "चांगली होती, बाबा." कर्रर्र. "मुलींच्या हातात." कर्रर्र. नवी चेन, ब्रेकची नवी नळी, हँडलला हात वाचवणारी ढाल. कार्ब्युरेटरचा जेट बदलल्यावर चढावर खोकणारं इंजिन एकदम खुलून गायला लागलं. बाबा अधूनमधून जिन्यात उभे राहून बघत आणि पुन्हा वर जात. एकदा मात्र त्यांनी आपला टॉर्क रेंच आणून तिच्यासमोर ठेवला. नट किती आवळला हे अंदाजाने नाही, आकड्याने सांगणारा पाना. ठरलेल्या जोरावर पोचला की तो 'कट्' असा आवाज करतो. बाबांचा जीव होता त्याच्यावर.

झोपताना शमिका बदला रंगवायची. कधी तिच्या स्वप्नात कपिल चिखलात उताणा असायचा आणि ती त्याच्यावरून उडी मारून पलीकडे. कधी काका स्वतः येऊन "चुकलो गं बाळ" म्हणायचे, आणि ती म्हणायची, "आधी रांगेत उभे राहा."

शेवटचं काम मागच्या चाकाचं. बेअरिंग बदलून तिने चाक जागेवर बसवलं, चेन ताणून घेतली, आसाचा नट बोटांनी फिरवून ठेवला आणि टॉर्क रेंच घ्यायला वळली, तर हत्यारांची पेटीच गायब!

वर जाऊन बघते तर आईने पाटावर लाल कापड अंथरलेलं. त्याच्यावर पकडी, हातोडी, स्क्रूड्रायव्हर आणि मधोमध टॉर्क रेंच, हळदीकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून.

"आई! माझा एकच नट राहिलाय!"

"आज खंडेनवमी. हत्यारांनी वर्षभर काम केलं, त्यांना एक दिवस बसू दे. उद्या सोनं वाटून झालं की संध्याकाळी उचल."

"पण बाबा उद्या गाडी बघणार आहेत!"

"बघू दे की. बघायला नट लागतो का?"

आईपुढे, म्हणजे लताबाईंपुढे, कुणाचं काही चालत नसे. शमिकाने हँडलला झेंडूची माळ घातली आणि गाडी गॅरेजच्या तोंडाशी लावून ठेवली. चालवायची तर नाहीच आहे. किल्ली आपल्या खिशात.

दसरा त्या वर्षी रविवारी आला. दुपारी सुधीरकाका आणि कपिल सोनं द्यायला आले. कपिल नव्या रेशमी कुडत्यात, केसांना भरपूर जेल. सगळे गाडी बघायला खाली होफमध्ये, इमारतीच्या अंगणात उतरले.

"अरे वा, भेळेला माळ!" कपिल म्हणाला आणि सरळ सीटवर बसला. कुडत्याच्या खिशातून त्याने एक किल्ली काढली.

शमिका बघतच राहिली. दुसरी किल्ली! 'हरवली' म्हणून सांगितलेली!

"हरवली होती ना?" तिने विचारलं.

"सापडली. बघू तरी काय दिवे लावलेस." आणि त्याने गाडी सुरू केली.

रविवारच्या शांततेत तो आवाज घुमला, वरच्या बाल्कनीचं दार उघडलं, कुणीतरी जर्मनमध्ये करवादलं. शमिकाची नजर मात्र मागच्या चाकावर होती. बोटाने फिरवलेला नट. पुढे उतार, उताराखाली बसचा रस्ता. तिला काहीच करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. तोही गप्पच राहिला होता की! आणि खोटं कशाला बोला, त्या क्षणभराच्या गप्प राहण्याची चव तिला फार गोड लागली.

कपिलने क्लच दाबून गिअर टाकला.

"थांब!" शमिका ओरडली. "उतर खाली! मागचा नट सैल आहे!"

"जळू नको गं," तो हसला आणि क्लच सोडायला लागला.

तिने झेप घेऊन हँडलवरच्या लाल बटणावर तळहात मारला. इंजिन बंद पडलं. मग ती गुडघ्यावर बसली, दोन बोटांनी आसाचा नट गरागरा फिरवला, काढला आणि कपिलच्या हातात ठेवला.

कपिल नटाकडे बघत राहिला. मग उताराकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू... तू मला मारणार होतीस!"

"मारायचं असतं तर बोलले असते का?" शमिका उठून उभी राहिली. "मला माहीत होतं की नट सैल आहे. मी सांगितलं. तुला माहीत होतं की बोल्ट गेलाय. तू सांगितलंस?"

वरच्या बाल्कनीतली करवादणारी आजीबाई कठड्याशी आली.

"काय माहीत होतं रे?" सुधीरकाकांनी विचारलं.

कपिल कुडत्याची बटणं चाचपत होता. "आटे गेले होते. म्हणजे... माझ्याकडूनच गेले. मी गोंद लावला. तुम्हीच नाही का सांगत, पुण्यात स्कूटरच्या गळक्या टाकीला साबणाची वडी चोळून वर्षभर चालवली म्हणून?"

"अरे, ती मी चालवली होती! दुसऱ्याच्या पोरीला नव्हती विकली!" काकांचा आवाज चिरकला. त्यांनी शमिकाच्या कोपराकडे पाहिलं, जणू पहिल्यांदाच. पोट धरून हसायला आता काही उरलं नव्हतं.

शमिका आईकडे वळली. "आई, अजून संध्याकाळ झाली नाही. पण..."

लताबाई वर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात आपट्याच्या पानांचं ताट होतं आणि दुसऱ्या हातात टॉर्क रेंच, दांड्यावर हळदीकुंकू तसंच. तो त्यांनी लेकीच्या हातात दिला. लेकीने तो कपिलपुढे धरला.

"घट्ट कर."

"मी? या कपड्यात?"

"माझी पण जीन्स नवीच होती. किती जोर लावायचा, माहितीये?"

कपिलने पाना हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"दोन वर्षं चालवलीस ना? सत्तर न्यूटन-मीटर. लक्षात ठेव."

रेशमी कुडता फरशीवर टेकला. कपिलने नट बसवला, पाना लावला, घसरला, पुन्हा लावला. चेनचं काळं वंगण बाहीला लागलं, कुंकू तळहाताला. काका बघत होते, बाबा बघत होते, बाल्कनीतली आजीबाईसुद्धा कठड्यावरून वाकून बघत होती. शमिका हाताची घडी घालून उभी होती. स्वप्नातल्या चिखलापेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. आणि मग, कट्.

"तपासून बघ एकदा," बाबा कपिलला म्हणाले. गणपतीपासून पहिल्यांदाच ते काकांकडे न बघता बोलले होते.

कट्.

"किल्ली," शमिका म्हणाली. कपिलने दुसरी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि हलकेच पुटपुटला, "सॉरी."

आईने ताटातलं आपट्याचं पान उचलून लेकीच्या हातात दिलं. "झालं ना आता? सणाचा दिवस आहे, शमे. दे सोनं त्याला आणि सोडून दे."

"आल्झो... तर मग," बाबांनी घसा खाकरला. "मला वाटतं, भीती वाटण्यासारखं काही राहिलेलं नाही. पण तू म्हणशील तसं."

शमिकाने पान कपिलला दिलं, कारण सण तो सण. मग ती गाडीवर बसली, झेंडूची माळ नीट केली आणि आईबाबांकडे वळून ठणकावून म्हणाली, "आई, बाबा, मी ठरवलंय. गाडी विकायची नाही. आणि याला मी वाचवलंय, माफ केलेलं नाही. ते मला वाटेल तेव्हा करीन."