आक्काने आपटलेली कवटी

आक्काची जीभ आधी धावायची आणि मग विचाराला हाक मारायची. खाडीकाठच्या कोन नावाच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या दिवशी तिने कहर केला.

नात दिशा तापाने फणफणली होती. आक्काने तिचं अंथरूण झटकायला घेतलं, तर खाटेखालून कवटी घरंगळली. मुठीएवढी, पिवळट, आणि जबडा नुसता सुऱ्यांसारख्या दातांनी भरलेला. असलं जनावर ना खाडीत, ना रानात. आक्काने ठरवून टाकलं. ही करणीच. आदल्या दिवशी घरात बाहेरचं एकच माणूस येऊन गेलं होतं, शेजारची ठकुबाई. ती गावची धवलारीण, लग्नात धवले गाऊन विधी करणारी. विधवा बाई, तिचा मान आणि तिची चूल, दोन्ही त्या गाण्यांवर. पण आक्काने सुतावरून स्वर्ग गाठला. भर दुपारी कवटी ठकुबाईच्या दारात आपटली आणि सगळी आळी जमवून तिला चेटकीण म्हणाली. ठकुबाईने उंबऱ्यात उभं राहून सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी मुलगा प्रितेश मानकोलीच्या गोदामातल्या कामावरून आला आणि कवटी शोधू लागला. मांसखाऊ डायनासोरच्या कवटीची ती छोटी नक्कल होती. शौकीन लोक असल्या कवट्या जमवून कपाटात मांडतात म्हणे. गोदामातल्या मालात हिचा एक दात तुटला म्हणून शेठने त्याला देऊन टाकली, आणि त्याने ती दिशाला खेळायला आणली होती.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं आक्काला झालं. मागच्या दाराने ती ठकुबाईकडे गेली आणि तिचे पाय धरले.

ठकुबाईने पाय मागे घेतले. "शिव्या रस्त्याव देल्यास, आन माफी चुलीजवल मांगतेस?"

खरंच होतं ते. लाजेने आक्काला वर बघवेना. सकाळी नळावर सगळ्या बायांसमोर ती म्हणाली, "चूक माजी हाय. ता पोरीचा खेलना व्हता. ठकुबायचा काय दोष न्हाय."

बायांनी माना डोलावल्या. आक्काला जरा हायसं वाटलं.

पण त्या वर्षी आळीतल्या लग्नांना धवलारीण परगावाहून आली. आक्का मांडवात मान खाली घालून बसायची, आणि कुणीतरी हमखास जवळ सरकून हळूच विचारायचं, "आक्का, खरा सांग, ता खेलनाच व्हता ना?"