उरलेले चार टक्के

दिल्लीला गेलेलं निनावी पत्र आमच्याच डिझाइन ऑफिसात छापलं गेलं, एवढं साहेबांना कळलं होतं. पंपांच्या चाचणीचे जुनेच अहवाल तारखा बदलून साहेब पास करतात, असं त्यात होतं. पत्र मी लिहिलं होतं.

फाइल मी सेव्ह केली नव्हती. टाइप केलं, छापलं, मशीन बंद केलं. कोणी मागे येऊन उभं राहिलंच तर दाखवायला टर्बाइनचं मोठं ड्रॉइंग तेवढं उघडून ठेवलं होतं.

सकाळी चहा पिताना कॉम्प्युटर सेक्शनचा दत्तात्रय म्हणाला, "सेव्ह न केलेलंही सापडतं, विजयाताई. मेमरी कमी पडली की सिस्टिम त्यातला काही मजकूर डिस्कवर टाकते, स्वॅपमध्ये. मशीन बंद केलं तरी तो तिथेच राहतो. साहेबांनी सांगितलंय, जेवणानंतर इथली चारही मशीन बघतो."

"आणि सापडलं तर?" शेजारच्या टेबलावरून शकुंतलाने विचारलं.

"नोकरी जाईल, क्वार्टर खाली होईल. तुम्ही क्वार्टरच्या वेटिंग लिस्टवर आहात ना?"

ती हसली. मीही हसले. मेमरी का कमी पडली असेल ते मला कळलं होतं. त्या ड्रॉइंगला जागा करायला सिस्टिमने माझं पत्रच डिस्कवर ढकललं असणार.

स्वॅप पुसायचा अधिकार फक्त दत्तात्रयकडे होता. मला ती जागा भरता येत होती, म्हणजे जुन्या मजकुरावर नवा लिहिला जाईल. सगळे डबे घेऊन बाहेर गेल्यावर मी तेच ड्रॉइंग उघडलं. परत उघडलं. परत. डिस्कचा दिवा सलग पेटून राहिला, आतून खरखर येऊ लागली. पडद्यावर स्वॅप किती भरली त्याचा आकडा चढत गेला. सत्तर टक्के. एक्क्याण्णव. शहाण्णवला मशीन अडकलं.

जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. दत्तात्रय आत आला, मागून साहेब.

"जेवला नाहीत?" दत्तात्रयने विचारलं.

"काम होतं."

त्याने पडद्यावरचा आकडा पाहिला. मशीन परत सुरू करून पत्रातले शब्द टाकले आणि शोध सुरू केला. बराच वेळ काही नाही. मग एक अर्धीच ओळ उमटली, तारखांबद्दलची.

"कुछ मिला?" दारातून साहेबांनी विचारलं.

दत्तात्रयने पडदा कोरा केला. "नहीं सर, इसमें कुछ नहीं."

साहेब शकुंतलाच्या टेबलाकडे वळले. दत्तात्रय उठताना हळूच म्हणाला, "चार टक्के राहिले होते, ताई. संध्याकाळी पिपलानीच्या बसस्टॉपवर थांबा. बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"तिथेच सांगतो."

मी डबा पुढे ओढला. झाकण काही केल्या उघडेना.