काविळीची माळ

दीपकचे डोळे पिवळेजर्द झाले होते आणि पोट फुगून टणक. बारामतीच्या डॉक्टरांनी आठ दिवस ठेवून घेतलं, मग त्याच्या बायकोला, विजयमालाला, बाजूला बोलावलं. "लिव्हर संपलंय. घरी न्या, हवं ते खाऊ द्या."

इंदापूरला घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दीपक भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "कळस गावात म्हस्कूतात्या काविळीची माळ देतात म्हणे. घेऊन ये."

विजयमालाला आधी खरंच वाटेना. हा माणूस वीस वर्षं चर्चचा वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक होता. चर्चमधल्या अनितानं लेकराच्या गळ्यात तीच मंतरलेल्या काड्यांची माळ बांधली, तेव्हा यानंच तिचं प्रभुभोजन, उपासनेतला भाकर-द्राक्षरसाचा प्रसाद, तीन महिने बंद केलं होतं. "काडी-पाला देवबापानंच केलाय," तो सांगायचा, "पण त्यावर दुसऱ्या दैवताचं नाव घेतलं, की तो आपल्याला चालत नाही."

"अहो, तिथं मंत्र म्हणतात," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. मला मरायचं नाही, माला."

सकाळच्या एसटीनं ती कळसला गेली. म्हस्कूतात्यांच्या अंगणात लिंबाखाली शेंदूर फासलेला म्हसोबा होता. तात्यांनी रीत सांगितली, "म्हसोबाचं नाव घेऊन पाया पडायचं. मंग माळ."

"तात्या, आम्ही ख्रिस्ती आहोत. नुसती माळ द्या ना."

"मंतराबिगर ती नुसती काडी हाय, बाई."

ती परत फिरली, फाटकापर्यंत गेली, आणि तिथूनच माघारी आली. म्हसोबापुढं बसून तिनं कपाळ टेकवलं, नाव घेतलं.

तात्यांनी काड्या हातात घेतल्या. "आजारी कोण हाय?"

तिनं मोबाइलवरचा फोटो दाखवला. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग काड्या त्यांनी पुन्हा टोपलीत ठेवल्या.

"ही साधी कावीळ न्हाय. पोटात पाणी झालंय. ह्याला माझ्यापाशी औषिद न्हाय."

"बांधा तरी. मी नाव घेतलं की."

"घेतलं, व्हय. पर उगं कुणाला आशेला लावीत न्हाय मी."

तिनं त्यांचे पाय धरले. तात्यांनी तिला उठवलं, पाणी प्यायला दिलं आणि एसटीपर्यंत सून सोबत धाडली. माळ काही दिली नाही.

घरी दीपकनं तिचे रिकामे हात पाहिले. तीच बोलली, "मी नाव घेतलं. तरी दिली नाही."

"मीच पाठवलं तुला," तो म्हणाला. "ते पाप माझ्यावर. मी सांगेन प्रभूला."

शनिवारी दुपारी तो गेला. चर्चचे पाळक आले, म्हणाले, "उद्या उपासनेत सगळ्यांना सांगतो, आपले दीपकराव शेवटपर्यंत विश्वासात अढळ होते."

"नका सांगू," विजयमाला म्हणाली, आणि कळसला काय झालं ते तिनं सगळं सांगितलं.

पाळक तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. म्हणाले, "प्रार्थना करू या?"

"तुम्ही करा," ती म्हणाली. "मला अजून जमत नाही."